शंभर वॅटचा सल्ला

भंडारा जिल्ह्यातला एखादा मुलगा गिटार बऱ्यापैकी वाजवू लागला, गावच्या ऑर्केस्ट्रात किंवा भीमगीतांच्या संचात उभा राहू लागला, की त्याला स्वतःचा अ‍ॅम्प घ्यावासा वाटतो. मग सल्ले सुरू होतात, आणि ते दोनच प्रकारचे असतात. पहिला असा: घ्यायचाच तर शंभर वॅटचा घे, मैदानात आवाज पुरला पाहिजे, आणि ट्यूबचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. दुसरा असा: अ‍ॅम्प काहून पाहिजे? गिटारची वायर साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये खुपस, गावात एवढं चालते. पहिल्या सल्ल्यात मुलाचे वर्षभर साठवलेले पैसे जातात. दुसऱ्यात त्याचा हात बिघडतो. दोन्ही सल्ले देणारे स्वतःला व्यवहारी समजतात, पण तो मुलगा वाजवणार कुठे, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडत नाही.

तो वाजवणार आहे दिवाळीनंतरच्या मंडईत, गणपतीत, 14 एप्रिलला, एखाद्या लग्नाच्या आदल्या रात्री. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, सगळीकडे थोडंफार तेच चित्र असतं. धान निघालेल्या बांधीत किंवा शाळेच्या पटांगणात मांडव, मागे कापडी पडदा, दोन्ही बाजूंना भाड्याने आणलेले स्पीकरचे मनोरे आणि मांडवामागे जनरेटर. गिटारवाल्याच्या एका हाताला कीबोर्ड, दुसऱ्या हाताला ऑक्टोपॅड आणि ढोलक. श्रोते पहिल्या रांगेतल्या सतरंजीपासून पार रस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारसायकलींपर्यंत पसरलेले. अ‍ॅम्प निवडायचा तो या मांडवासाठी. इंग्लंड-अमेरिकेतल्या कुणा वादकाच्या स्टुडिओतला आवाज त्यासाठी कामाचा नाही.

आधी वॅटचा हिशोब करू, कारण सगळी फसवणूक तिथून सुरू होते. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट करावे लागतात. पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅटचा अ‍ॅम्प घेतला तर ऐकणाऱ्याला जेमतेम जाणवेल एवढा फरक पडतो, आणि त्यासाठी पैसे मात्र कितीतरी जास्त मोजावे लागतात. त्यात मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने पडतो. अ‍ॅम्पपासून एका मीटरवर कानठळ्या बसवणारा 120 डेसिबलचा आवाज सोळा मीटरवर 96 पर्यंत उतरतो, आणि मध्ये माणसं बसलेली असली की त्याहून खाली. तिथे ढोलक आणि गाणारा माणूस हजारो वॅटच्या मनोऱ्यांतून येत असतात. मैदानाच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत गिटार पोचवणं हे अ‍ॅम्पचं काम नाहीच. ते काम मनोऱ्यांचं आहे. अ‍ॅम्पची कामं दोन: वाजवणाऱ्याला आणि त्याच्या साथीदारांना गिटार ऐकू येणं, आणि साउंडवाल्याच्या माइकसमोर चांगला आवाज ठेवणं. या दोन कामांना शंभर वॅट लागत नाहीत.

मग शंभर वॅटचे अ‍ॅम्प जन्माला आले कशासाठी? आले, कारण 1965 च्या आसपास मैदानी साउंड सिस्टिम नावाची गोष्ट जवळजवळ नव्हतीच. इंग्लंडमध्ये जिम मार्शलने द हू या बँडच्या आग्रहावरून शंभर वॅटचे अ‍ॅम्प बनवले ते त्याच वर्षी. त्याच वर्षीच्या 15 ऑगस्टला बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर लोकांसमोर उभे राहिले, तेव्हा त्यांच्यामागे व्हॉक्स कंपनीचे शंभर वॅटचे अ‍ॅम्प होते. तरी त्या गर्दीच्या किंकाळ्यांत त्यांचं त्यांनाच नीट ऐकू येईना. शंभर वॅट हा त्या काळातल्या अडचणीवरचा उपाय होता, आणि तोही तिथे अपुरा पडला. आपल्याकडे आज ती अडचण उलटी आहे. ज्या जिल्ह्यात ट्रकवरचं धुमाल गावाच्या एका टोकाला वाजलं की दुसऱ्या टोकाच्या खिडक्या थरथरतात, तिथे मोठ्या आवाजाची टंचाई आहे असं कोण म्हणेल? टंचाई आहे ती स्वच्छ आवाजाची.

त्या स्वच्छ आवाजाची किल्ली ज्या वस्तूत आहे तिच्याकडे खरेदीच्या वेळी कुणी बघतही नाही. ती वस्तू म्हणजे स्पीकर. अ‍ॅम्पचे वॅट जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, पेट्टीतल्या स्पीकरचं नाव मात्र दहा जणांतल्या एकालाही ठाऊक नसतं. प्रत्येक स्पीकरला संवेदनशीलतेचा एक आकडा असतो: एक वॅट दिला तर एका मीटरवर किती डेसिबल मिळतात, तो. गिटारच्या स्पीकरमध्ये हा आकडा साधारण 95 पासून 100 च्या थोडा वरपर्यंत जातो. सेलेस्टियन कंपनीच्या व्हिंटेज 30 या नावाजलेल्या स्पीकरचा आकडा 100 आहे, त्यांच्याच ग्रीनबॅकचा 98. आता सोपं गणित करा. पंधरा वॅटचा अ‍ॅम्प 100 च्या स्पीकरवर जेवढा वाजतो, तेवढाच तीस वॅटचा अ‍ॅम्प 97 च्या स्पीकरवर वाजतो. निव्वळ चांगल्या स्पीकरमुळे वॅट दुप्पट झाल्याचा फायदा मिळतो, आणि वर आवाजाचा पोतही सुधारतो. म्हणून हातात मोजकेच पैसे असतील तर माझा आग्रह एकच आहे: आधी बारा इंची चांगला स्पीकर आणि त्याची भक्कम पेट्टी, मग उरलेल्या पैशात वीस-तीस-पन्नास वॅटचा जो जमेल तो अ‍ॅम्प. अ‍ॅम्प उद्या बदलता येतो. चांगला स्पीकर जपून वापरला तर अनेक वर्षं सोबत राहतो.

पेट्टीबद्दलही जरा थांबून बोलायला हवं. चार स्पीकरची उभी पेट्टी फोटोत शोभते. ती एसटीतून नेता येत नाही, ऑटोत बसत नाही, आणि मांडवाच्या चौथऱ्यावर ढोलकवाल्याची जागा खाते. एका स्पीकरची पेट्टी एका हाताने उचलता येते. पाठ उघडी असलेली पेट्टी मागेही आवाज फेकते. घरात मागे भिंत असते, तिथे तो परत फिरून गोड लागतो. मांडवात मागे कापड असतं, मागचा आवाज त्यातून शेतात निघून जातो आणि खर्जातला भरीवपणा हरवतो. मांडवात वाजवणाऱ्याने बंद पाठीची पेट्टी घ्यावी असं माझं ठाम मत आहे. आणखी एक गोष्ट, जी कुणी शिकवत नाही. बारा इंची स्पीकर आपला तीक्ष्ण आवाज सरळ समोरच्या रेषेत फेकतो. पेट्टी जमिनीवर ठेवून वादक तिच्या पुढ्यात उभा राहिला तर ती रेषा त्याच्या गुडघ्यांवर लागते. त्याला वाटतं आवाज बोथट आहे, तो ट्रेबलची कळ पिळत जातो, आणि पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेल्या पोराच्या कानात सुया टोचू लागतात. पेट्टी खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलती करा, म्हणजे तिचं तोंड तुमच्या कानाकडे येईल. याला एक पैसा लागत नाही, आणि अर्ध्या संचांचा आवाज एवढ्यानेच सुधारेल.

आता ट्यूबचा मोह. ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज सुंदर असतो, यात मला वाद घालायचा नाही. ट्यूबवर जोर पडला की आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू दाटत जातो. म्हणून तीस वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प तीस वॅटच्या ट्रान्झिस्टरपेक्षा मोठा भासतो. पण ‘ट्यूबशिवाय खरा टोन नाही’ हे वाक्य खोटं आहे. रोलंडचा जेसी-120 हा अ‍ॅम्प 1975 साली आला. त्यात एकही ट्यूब नाही, आणि त्याचा स्वच्छ, झुळझुळता आवाज आजही जगभर आदर्श मानला जातो. आपल्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला दहांतली नऊ गाणी स्वच्छ आवाजातच वाजवतो. आर. डी. बर्मनच्या गाण्यांतली गिटार आठवा, भीमगीतांतली रिदम आठवा: सुट्या तारांचे तुकडे, मोकळं स्ट्रमिंग, मधूनच एक लीड. या कामाला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प नुसता पुरत नाही, तो जास्त योग्य आहे. आणि ट्यूबला हवी असते स्थिर वीज. मांडवामागच्या जनरेटरवर कधी व्होल्टेज खाली बसतं, सजावटीचे दिवे बंद झाले की एकदम उसळतं. ट्यूबचे तापक आणि बायस यांना हा खेळ मानवत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला 120 व्होल्टचा अ‍ॅम्प असेल तर ट्रान्सफॉर्मरचं ओझं वेगळं. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प जोरात वाजवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि घाईच्या रात्री अंधारात वायर निसटते हे प्रत्येक साउंडवाल्याला ठाऊक आहे. शिवाय फेंडर ट्विन रिव्हर्बसारखा अ‍ॅम्प तीस किलोच्या आसपास भरतो. ज्याला तो लाखांदूरच्या बसस्टँडवर उतरवायचा आहे, त्याला आधी विचारा.

आता दुसरा सल्ला. माझा खरा राग याच्यावर आहे, कारण यात अज्ञानाबरोबर तुच्छताही आहे. गावात एवढं चालते! कोणत्या गावात? भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा झाडीपट्टीचा मुलूख आहे. इथला माणूस दिवाळीनंतरच्या थंडीत घोंगडी पांघरून रात्रभर नाटक बघतो. वडशाच्या नाटक मंडळ्या हंगामभर गावोगाव फिरतात, आणि तिकीट काढून लोक पहाटेपर्यंत बसतात. ऑर्गनवर चुकीचा सूर लागला की कुजबुज होते, गाणं रंगलं की वन्समोअर येतो. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. पिढ्यान्पिढ्या दंडार, खडी गंमत आणि संगीत नाटक ऐकलेल्या या श्रोत्याला आवाज कळत नाही असं म्हणणाऱ्याने एक रात्र त्याच्या शेजारी बसावं. त्याला ‘इम्पीडन्स’ हा शब्द माहीत नसेल. गिटार आज टोचते आहे की गाते आहे, हे त्याला बरोबर कळतं.

आणि मिक्सरमध्ये सरळ खुपसलेली गिटार एकतर दबते, नाहीतर टोचते. त्याला दोन कारणं आहेत, दोन्ही साधी. पहिलं म्हणजे गिटारचा पिकअप नाजूक सिग्नल देतो. गिटारच्या अ‍ॅम्पचं इनपुट त्याला साधारण दहा लाख ओहमचा रोध दाखवतं, म्हणजे सिग्नलवर भार जवळजवळ पडत नाही. मिक्सरचं साधं लाइन इनपुट दहा हजार ओहमच्या घरात असतं. तिथे पिकअप दबतो, वरचे सूर गळून जातात आणि आवाज ओल्या चादरीसारखा लोंबतो. हे टाळायला डीआय बॉक्स लागतो. ती मुठीएवढी डबी आहे आणि तिची किंमत अ‍ॅम्पच्या मानाने फारच कमी. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गिटारचा स्पीकर साधारण 75 हर्ट्झपासून 5,000 हर्ट्झपर्यंतच वाजतो, त्यावरचं सगळं तो गाळून टाकतो. डिस्टॉर्शनचं पेडल मात्र त्याच्या कितीतरी वरपर्यंत कचरा तयार करतं. अ‍ॅम्पमधून वाजवलं तर स्पीकर तो कचरा अडवतो. मिक्सरमधून सरळ मनोऱ्यात गेलं तर वरच्या हॉर्नला तो सगळा फेकावा लागतो, आणि हा हॉर्न 15,000 हर्ट्झच्याही वर जाऊ शकतो. सोलो सुरू होताच आवाजाला जी किरकिर लागते ती वादकाच्या बोटांतली नव्हे, या न गाळलेल्या आवाजाची असते. पण दोष बोटांना मिळतो. मुलगा लीड वाजवायला घाबरू लागतो, आवाज झाकण्यासाठी डिले आणि रिव्हर्ब वाढवतो, आणि त्या धुक्यात त्याचा ताल ढिला होत जातो. हात बिघडतो म्हणालो ते याच अर्थाने.

ज्याला अ‍ॅम्प घेणं जमत नाही त्याने मिक्सरमध्येच जावं, माझी हरकत नाही. पण मधे स्पीकरची नक्कल करणारं काहीतरी हवंच. बऱ्याचशा मल्टीइफेक्ट डब्यांत ती सोय असते, ‘कॅब’ किंवा ‘आयआर’ अशा नावाने. बॉसचा जीटी-1 हा डबा पेन्सिल सेलवरही चालतो, म्हणजे जनरेटरच्या भानगडीतून सुटका. त्याच कंपनीच्या कटाना-50 या अ‍ॅम्पला स्पीकरची नक्कल केलेलं आउटपुट आहे, आणि तो अर्ध्या वॅटवर, पंचवीसवर किंवा पन्नासवर चालवता येतो. रात्री घरी अर्धा वॅट, मांडवात पन्नास. अट एकच: डब्यातून मिक्सरमध्ये जाताना कॅब चालू, आणि गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये जाताना बंद. दोन्हीकडे चालू ठेवलं तर आवाज दोनदा गाळला जातो आणि दबतो.

आणि अ‍ॅम्पला माइक लावायचा असेल तर शुअर एसएम57 सारखा साधा माइक पुरे. फक्त तो कुठे धरायचा ते साउंडवाल्यावर सोडू नका. पेट्टीच्या जाळीला जवळजवळ टेकवून स्पीकरच्या मधल्या घुमटावर धरला तर आवाज कडक येतो. तिथून दोन बोटं बाजूला सरकवला की मऊ होतो, काठाकडे नेला की जाड आणि अंधारा. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं कुणालातरी मैदानात उभं करून ही दोन बोटांची जागा शोधा. हजारो रुपयांच्या पेडलने जे होत नाही ते इथे होतं.

पेडलचं वेड हा याच सल्ल्यांचा धाकटा भाऊ आहे. आठ-दहा रंगीत डब्या एका फळीवर मांडल्या की वादक मोठा वाटतो, असं मुलांना पटवून दिलं गेलं आहे. कामाला तीन लागतात: ट्यूनर, एक ओव्हरड्राइव्ह, एक डिले. हिंदी गाण्यांची रिदम जास्त असेल तर चौथा कोरस. क्रमही साधा: ट्यूनर आधी, मग ओव्हरड्राइव्ह, मग कोरस, शेवटी डिले. डिले आधी ठेवला तर त्याचे पडसादही ओव्हरड्राइव्हमध्ये चिरडले जातात. आणि एक स्पष्ट सांगतो: चौथं पेडल घेण्याआधी चांगला पॉवर सप्लाय घ्या, ज्यात प्रत्येक आउटपुट वेगळं असतं. एकाच अ‍ॅडॅप्टरच्या शेपटीला सगळी पेडल लटकवली, त्यातलं एखादं डिजिटल असलं, की बारीक शिट्टी सुरू होते. मग मुलगा ती घालवायला आणखी एक नॉइज गेट विकत घेतो. बहुतेक पेडल 9 व्होल्टची आणि पिनच्या मध्यभागी ऋण असलेली असतात. मोबाइलचा किंवा राउटरचा अ‍ॅडॅप्टर जोडण्याआधी त्यावरची खूण वाचा, उलट पिनेने पेडल मरतं.

सगळ्यात गंभीर गोष्ट अजून राहिली आहे, आणि ती टोनची नाही. मांडवात घुमघुम आली की कुणीतरी अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन तोडतो किंवा दोन पिनांच्या बोर्डात प्लग घुसवतो. घुमघुम जाते, टाळी मिळते. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अर्थ तोडला आणि अ‍ॅम्पमध्ये काही बिघाड झाला तर तारांमध्ये वीज उतरू शकते, आणि दव पडलेल्या जमिनीवर उभ्या गायक-वादकाचा ओठ माइकच्या जाळीला लागला की तीच वीज त्याच्या अंगातून वाट काढते. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी 3 मे 1972 रोजी वेल्समधल्या स्वॉन्झीच्या मंचावर अर्थ नसलेल्या माइकला हात लागून गेला. त्याच्या हातात गिटार होती. भर प्रेक्षकांसमोर, व्यावसायिक सभागृहात हे झालं. आपल्याकडे जनरेटर, ओली माती आणि उसनवारीचे बोर्ड असतात. घुमघुम काढायची तर डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाची कळ असते, ती त्यासाठीच आहे. तिसरी पिन कधीही तोडू नका. अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच अर्थच्या बोर्डवर घ्या, सॉकेट तपासायचा छोटा टेस्टर गिटारच्या पिशवीत ठेवा, आणि जनरेटरवाल्याने अर्थची सळई जमिनीत ठोकली आहे का ते स्वतः जाऊन बघा. शंभर वॅटचा सल्ला देणाऱ्यांपैकी कुणाच्या तोंडून मी हे ऐकलेलं नाही.

कुणी म्हणेल, हे ठीक, पण मोठा अ‍ॅम्प असला तर बिघडलं कुठे, आवाज कमी ठेवता येतो. बिघडतं. मोठा ट्यूब अ‍ॅम्प जिथे गोड वाजतो तो आवाज मांडवात सहन होत नाही, आणि जिथे सहन होतो तिथे तो अर्धझोपेत असतो. गिटारवाला चढला की ढोलकवाला चढतो, मग गायक मॉनिटर वाढवून मागतो, मग शिट्टी. 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार उघड्यावर लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवावे लागतात, राज्य सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. मंचावरचा आवाज कमी असेल तर साउंडवाल्याला मनोरे ताब्यात ठेवता येतात. मंचच गरजत असेल तर त्याच्या हातात काही उरत नाही, आणि पोलीस येतात तेव्हा कार्यक्रमच बंद होतो.

मोठा ट्यूब अ‍ॅम्प कुणी घेऊच नये असं मी म्हणत नाही. नागपूरच्या एखाद्या बंद सभागृहात नेमाने वाजवणारा, स्वतःची गाडी असलेला, ट्यूब बदलणारा कारागीर ओळखीचा असलेला वादक असेल, तर त्याने खुशाल घ्यावा. पण भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला पैसे घेऊन निघालेल्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना माझं सांगणं आहे: स्वतःची गिटार आणि स्वतःची वायर सोबत न्या, दुकानातल्या महागड्या गिटारवर अ‍ॅम्प ऐकू नका. आवाज बोलण्याच्या पातळीवर ठेवून ऐका, कारण जोरात सगळेच अ‍ॅम्प चांगले वाटतात. आधी स्वच्छ आवाज ऐका, इफेक्ट शेवटी. पेट्टी वेगळी घेत असाल तर ओहम जुळतात का ते बघा: सोळा ओहमच्या दोन पेट्ट्या समांतर जोडल्या की आठ होतात, आणि ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला त्याच्या लिहिलेल्या मर्यादेपेक्षा कमी ओहम जोडले तर तो जळतो. अ‍ॅम्प आणि पेट्टीमध्ये स्पीकरचीच जाड वायर घ्या, गिटारची नको. आणि बिलावर वॅटच्या शेजारी स्पीकरचं नाव, त्याची संवेदनशीलता आणि ओहम लिहून मागा. दुकानदार लिहून देत नसेल तर शेजारचं दुकान बघा.